डावीकडे दोन बोटं उंच

प्रिय बाबा,

कोहक्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला आत्ताच फोन करून सांगितलं, उद्या गाडी आणत नाही. तो चिडला. कारण विचारलं तर मला धड सांगताच येईना. ते कारण खरं म्हणजे तुम्हालाच सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून तुमची गाडी, माझ्यापेक्षा वयाने मोठी, पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आणि आई घरात. रविवारी दुपार झाली की तुमच्या आधी गाडीपाशी जाऊन उभी राहणारी आपली आई! आता दुर्गला मावशीकडे चल म्हटलं तरी नको म्हणते. "त्या गाडीत हादरे लय बसतात, माह्या कमरेले सोसत नाई." खरं कारण मला कळत होतं. पण म्हटलं, निदान हादऱ्यांचं निमित्त तरी तिच्याकडे उरू नये.

म्हणून मी गाडीचं पुढचं सस्पेन्शन बदलायचं ठरवलं. हसू नका. तुम्ही मला कधी जॅकला हात लावू दिला नाहीत. "बाजूले हो, कपडे खराब होतीन." शिकवलं असतंत तर काय बिघडलं असतं? आता चार व्हिडिओ बघून मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग नाहीतच, प्रत्येक चाकामागे एक लांब पोलादी दांडा आहे आणि तो पिळला जाऊन वजन पेलतो, हे मला चाळिशीत कळलं.

टेपने दोन्ही बाजू मोजल्या, तर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं उंच. मिस्त्री येऊन वाकून बघून म्हणाला, "दीदी, राइट वाला बैठ गया है. आगे का पूरा काट के नई गाड़ी का लगा देंगे, मक्खन चलेगी." मी हो म्हटलं. मनातून तुमचा रागही आला. सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये भिंतीवरचा फोटो जरा तिरका दिसला तरी ताटावरून उठणारा माणूस, आणि गाडी अशी वाकडी ठेवून गेला?

आज संध्याकाळी, कापायच्या आधी एकदा, म्हणून तुमच्या जागेवर बसले. समोरचं बॉनेट फाटकाच्या आडव्या पट्टीला तिरकं दिसत होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. पोर्चमध्ये खुर्ची नव्हती आणि तिचे पाय दुखत होते. डावीकडचं दार उघडून ती आत बसली. आपण कुठे बसलो हे तिच्याही लक्षात आलं नसावं.

आणि बाबा, बॉनेट सरळ झालं. फाटकाच्या पट्टीला अगदी समांतर.

मी म्हटलं, आई, उतर जरा. ती उतरली तशी गाडी उजवीकडे कलली. म्हटलं, आता बस. पुन्हा सरळ.

"कावून उठबस करून राहिली मले? चहा थंडा होते न."

तुम्ही कारखान्यात क्रेन मेंटेनन्सचे. जेवताना सांगायचात, रिकामी क्रेन पाहून काही समजत नाही, लोड घेतल्यावर पाहायचं. आणि तुमच्या मुलीने गाडी रिकामी मोजली.

आईला समजावून सांगितलं, की बाबांनी डावा दांडा मुद्दाम जास्त पीळ देऊन चढवून ठेवला आहे, तू बसलीस की गाडी सरळ राहावी म्हणून. तिने कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, गाडी घेतली तेव्हा शेजारच्या कोणीतरी थट्टा केली होती, वहिनी बसल्या की गाडी डावीकडे झुकते. ती घरी येऊन रडली होती, पुन्हा बसणार नाही म्हणाली होती. पुढच्या सुट्टीला तुम्ही दिवसभर गाडीखाली होतात, आणि त्यानंतर गाडी कधी झुकली नाही.

"मले वाटलं मीच बारीक झाली," आई म्हणाली. "इतकी वर्षं तेच वाटत होतं. सांगतलं असतं त मी भांडली असती त्यायच्याशी. आता कोणाशी भांडू?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मीही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ठीक आहे बाबा, पण एकदा तरी उघडून दाखवायची होती तिला. तुम्ही एकटे बाजारात जायचात तेव्हा गाडी तुमच्या बाजूला कललेली असणार. कोणी टोकलं तर काय उत्तर देत होतात? ते तुमच्या तोंडून ऐकावं असं इतकं वाटतंय, की मघाशी मी उगाच घरात जाऊन तुमच्या खोलीत डोकावून आले.

कापाकापी होणार नाही. पुढच्या सांध्यांमधले रबरी बुश पार झिजले आहेत, दुर्गहून आल्यावर तेवढे मीच बदलीन. हादरे त्यानेही कमी होतील, आणि ते मला शिकता येईल. आईने आपणहून मावशीला फोन केला आहे, आम्ही दोघी उद्या गाडीने येतो म्हणून.

डाव्या दांड्याला मी हात लावणार नाही, हा माझा शब्द. कधीतरी डावीकडची सीटही रिकामी होईल. तेव्हा मी ही गाडी वाकडीच चालवीन बाबा, आई शेजारी बसली आहे असं धरून.

तुमची,
सुलू