कोपराविषयीचे सत्य

चि. कॉर्बिन यास आशीर्वाद.

मैदानावर गुडघाभर बर्फ साचले आहे. हिवाळ्यात बेसबॉल संघाचे प्रशिक्षक हॅस्केल, खेळाडूंना उन्हाळाभर घरी ठेवून घेणाऱ्या आमच्यासारख्या प्रत्येक कुटुंबाला फोन करतात, हे तुला ठाऊक नसेल. परवा त्यांनी मला विचारले, "काय काका, पोरगं कसं वाटलं? परत बोलवू ना?"

मी म्हणालो, "सामन्याहून आला की दुखरं कोपर बर्फात बुडवून बसायचा. कुणाला सांगू नका म्हणाला होता."

"बरं झालं बोललात! नाहीतर जूनमध्ये ऐन हंगामात बसलो असतो बोंबलत."

खोटे मी बोललो नाही. परंतु तू एकाही रविवारी माझ्यासोबत प्रार्थनेला आला नाहीस, ही अढी त्या सत्यात कालवलेली होती. सत्य प्रीतीने बोलावे, असे मी चाळीस वर्षे चर्चच्या व्यासपीठावरून इतरांना शिकवीत आलो.

संघातली तुझी जागा गेली. तुझी लोरेटाकाकू तुझ्या खोलीसाठी पडदे शिवीत होती. "येतोय ना हो आपला कॉर्बिन?"

"त्याला मोठ्या संघानं नेलं," मी म्हणालो.

तिला आनंदाने रडू फुटले. आता ती तुला अभिनंदनाचे पत्र लिहीत बसली आहे आणि मला तुझा पत्ता विचारते आहे.

तुझ्या क्षमेस अपात्र,
एल्डन प्रुइट