काटक सुशी

बेळगाव, १७ नोव्हेंबर १९८३

कॉन्व्हेंट शाळेत मदरची पट्टी हातावर बसली की मी भोकाड पसरायचे. सुशी मात्र तळहात फ्रॉकला पुसून जागेवर जाऊन बसायची. "काय काटक आहेस गं!" मी म्हणायचे. आमच्या वर्गात दलित वस्तीतली ती एकटीच.

सुशीला जाऊन महिना झाला. आज तिची लेक नलू निपाणीहून आली होती. सुशीच्या आतड्याला पीळ पडला होता. गेल्या वर्षी मला पडला तसाच. मी ओरडले, भावाने डॉक्टरांच्या घरी फोन केला, तासाभरात मी ऑपरेशनच्या टेबलावर. सुशी मात्र दिवसभर दवाखान्याच्या व्हरांड्यात.

"केसपेपरवरचा पत्ता बघून डॉक्टर म्हणाले, तुम्ही काटक माणसं, जरा कळ काढा," नलू सांगत होती. "दुसऱ्या दिवशी पोट उघडलं, तर आतडं काळं पडलेलं. चौथ्या दिवशी गेली."

मग म्हणाली, "मावशी, आई ल्हानपणी बी कधी रडली न्हाय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. एवढंच.

काटक. पट्टी खाल्ल्यावर सुशीला उजव्या हातात पेन्सिल धरता यायची नाही, डाव्या हाताने लिहायची. शेजारी बसून मी ते रोज बघत होते. मग आज ते का नाही सांगितलं?

सोमवारी माझं पोट पुन्हा उघडणार आहेत. काही झालंच तर माझ्या सोन्याच्या पाटल्या वहिनीला द्याव्यात, शिवणयंत्र शेजारच्या आक्कांना. शाळेतला आमचा दोघींचा फोटो नलूला. आणि हे पानही तिलाच.