गुड्डीचा ‘क’

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज गुड्डीला बोलणं सुधारणाऱ्या मॅडमकडे नेलं. पाच वर्षांची झाली, तरी क चा त करते. काकाला ताता म्हणते. मी शब्दाशब्दाला टोकते, म्हणून हल्ली बोलतच नाही, नुसतं बोट दाखवते. डोळ्याला डोया म्हणते, हेही मी मॅडमला सांगितलं. मॅडम हिंदीवाल्या. “आप लोग घर में क्या बोलते हैं?” मी म्हटलं, “डोया.” गुड्डीच्या बाबांना हसू आवरेना. “अवं, पोरगी तुयावानीच बोलून राह्यली!”

मॅडम म्हणाल्या, ती घरची बोली, दोष नाही. फक्त क शिकवायचा, तोही न टोकता. आपण नीट म्हणून दाखवायचा. मग इतके दिवस मी काय दुरुस्त करत होते?

संध्याकाळी बुद्धवंदना झाली, तसं तिने फळांच्या टोपलीकडे बोट केलं. मी टोपली तिच्यापुढे धरून वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, “तेय.” ‘तेय नाही, केय म्हण’ हे जिभेवर आलेलं मी गिळलं. “हौ, केय घे,” म्हणून केळ दिलं.

ते संपवून म्हणते, “आई, अजून एत.”

माणशी एकच, हा माझा नियम. दुसरंही सोलून दिलं.