चौथ्या मात्रेवरचा खोकला

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप लिहिलं, तरी पुढे 'तू'च म्हणणार. नऊ वर्षं पत्र नाही म्हणून तू काही 'तुम्ही' झाला नाहीस.) तब्येत कशी आहे? वहिनीचा गुडघा जिना चढू देतो का? मी बरा आहे. आवाज तेवढा चार महिने बसलेला आहे, वरचा सा लागत नाही. म्हणजे गाणाऱ्याचा गळा सोडला तर बाकी माणूस ठणठणीत.

काम तू पाहिलं होतंस तसंच चालू आहे. शब्द माझे, चाल माझी, गिटार, बासरी, हार्मोनियम, टाळ आणि आता ढोलही माझाच. खोलीत चादरी टांगून एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायचं आणि एकावर एक रचायचं. प्रत्येक वाद्याआधी मी हात जोडतो. एका गाण्यासाठी देवाला पाच वेळा हाक जाते, त्यालाही कधी कंटाळा येत असेल. अकरा अल्बम झाले. मागच्या बाजूला सगळीकडे माझंच नाव. आभारांत तेवढा परमेश्वर, कारण तिथेही स्वतःला घालणं बरं दिसेना. ऐकणारे थोडे आहेत, पण सज्जन आहेत. (त्यांतला एक आमचा दूधवाला. दाराबाहेर थांबावं लागतं म्हणून ऐकतो.)

कार्यक्रमात एकट्याने पाच वाद्यं वाजवायला मी पायाने दाबायचं यंत्र घेतलं होतं, तेच अजून आहे. चार मात्रा वाजवून दाबलं की ते तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं आणि आपण त्यावर पुढचं वाद्य चढवायचं. तर गेल्या महिन्यात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत कार्यक्रम होता. खुर्च्या तीस, माणसं चौदा. आईच्या रिकाम्या खुर्चीवर केलेलं गाणं सुरू केलं. ढोलाच्या चार मात्रा वाजवल्या, आणि यंत्र दाबता दाबता मला खोकला आला. तोही पकडला गेला. पुढची सात मिनिटं दर चौथ्या मात्रेला मी खोकत होतो आणि त्याच वेळी गातही होतो. थांबवावं, तर सगळं गाणंच थांबतं. मनात म्हटलं, देवा, आज लाज राख. वर बघतो तर पहिल्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. ग्रंथपाल धावत आले. "काय कल्पना आहे हो! आई गेली, पण तिचा खोकला घरात राहिला!" मी मान हलवली. (खोटं बोललो नाही. नुसती हलवली.)

अकरा अल्बमांत जे जमलं नाही ते एका खोकल्याने केलं. पुढच्या कार्यक्रमाला चाळीस माणसं आली आणि मागून चिठ्ठी आली, खोकल्याचं गाणं म्हणा. आता तो मुद्दाम काढायचा, तर येईना. आला तो तिसऱ्या मात्रेवर. एकदा यायला लागल्यावर मात्र बाकीच्या गाण्यांतही आला, आणि लोकांनी तिथेही टाळ्या वाजवल्या.

संपल्यावर एक डॉक्टरीणबाई भेटल्या, कान-नाक-घशाच्या. "हा खोकला मुद्दाम काढता?" म्हणाल्या. मी म्हटलं, एकच मुद्दाम होता. "मग उद्या दवाखान्यात या." मला वाटलं, त्यांच्याकडे काही समारंभ असेल. मी गिटार घेऊन गेलो, दादा. बाहेर बाकावर सगळे पेशंट आणि मध्ये मी, गिटार मांडीवर घेऊन. शेजारचे आजोबा म्हणाले, "हिला काय झालंय?"

असं सगळं आहे. बाकी क्षेम. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. वर खोकल्याची थट्टा केली आहे, पण घशात गाठ निघाली. गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया. गाठ कसली ते काढल्यावर कळेल. गाता येईल का, विचारलं. बाई म्हणाल्या, आधी बोलता येऊ दे.

आणखी एक. दवाखान्याच्या कागदावर खाली 'सोबतच्या नातेवाइकाची सही' अशी ओळ आहे. सवयीने तिथेही मीच सही केली. नर्सने कागद परत दिला. "काका, इथे दुसरं माणूस लागतं." तुझा ढोल नको, यंत्र ठेका जास्त चोख धरतं, असं नऊ वर्षांपूर्वी मी चारचौघांत बोललो होतो. ते आठवलं. यंत्राला सही करता येत नाही. बुधवारपर्यंत येशील का?

शेवटचं. नंतर पंधरा दिवस मला एक अक्षरही बोलायची बंदी आहे. तेव्हा नऊ वर्षांचं जे साठलं असेल ते सगळं बोलून घे. उलट उत्तर येणार नाही. ढोल आण.