जिलबीच्या अक्षरांचा आणा

आई,

कशी आहेस? बाबांचे गुडघे आता कुरकुरत नसतील. काकूंचा खोकला थांबला का, आणि तुम्हा दोघी जावांचं जमतं का? आम्ही ठीक. सूनबाई हिंदीतून रागावते, मराठीतून लाड करते. नातवाला सर्दी आहे. सकाळी त्यानं तुझ्या डब्यातला जुना आणा काढून विचारलं, "आजी, ये बिस्कुट है क्या?" नागमोडी कडा बघून पोराला दुसरं काय वाटणार.

साहेब गेला तरी त्याच्या राजाचं डोकं काही वर्षं लोकांच्या खिशात खुळखुळत होतं. मग नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया गेला आणि इकडे हिंदी मुलखात, खंडेराव गेटजवळच्या आपल्या घरात असे मूठभर आणे नुसते पडून राहिले. बाबांनी ठरवलं होतं, पोरीला शाळेत घालायचं नाही, घरात हात हवेत. तू भांडली नाहीस. ते ड्यूटीवर गेले की आणा फरशीवर ठेवायचीस, राजाचं तोंड खाली, आकडा वर. आकड्याच्या आजूबाजूला इंग्रजीखेरीज चार तऱ्हांची अक्षरं. तुला एकही येत नव्हतं, पण हिशेब पक्का: एक उर्दू, एक बाजारातल्या पाट्यांसारखं, म्हणजे हिंदी. आपण पडलो मराठी, तेव्हा आपलं उरलेल्या दोनांतलं असणार. त्यातलं जिलबीसारखं गोल होतं ते तू निवडलंस. कितीतरी दिवस मी कोळशानं तेच गिरवत होते. काकू म्हणायच्या, पोरगी कलेक्टर झाली की चूल काय चपराशी फुंकणार? बाबा यायच्या आत तू फरशीवरून पोतेरं फिरवायचीस.

एकदा शेजारची, रेल्वेतल्या गार्डची तेलुगू बायको, विरजण मागायला आली. फरशी बघून तिथंच खाली बसली. अक्षरांवरून बोट फिरवलं, डोळे भरले. "ये तो हमारा तेलुगू है जी. किसने लिखा?"

तू गोंधळून विचारलंस, आमचं मराठीवालं कुठलं मग? तिनं आण्यावर बोट ठेवलं. "ये, बाज़ार वाला. मराठी का भी यही."

तू आणा उचलून निरखलास आणि म्हणालीस, "म्हणजे गावभर पाट्यांवर आपलीच अक्षरं होती, आणि मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्याखालून जात होते." पोतेरं फिरवलंस. कोळशाचे दोन तुकडे केलेस. एक मला दिलास, एक स्वतः धरलास.

पुढे विचारत विचारत पाट्या, पुड्यांचे कागद, मिळेल ते वाचत गेले. शेवटी शेवटी बाबांना पेपर मीच वाचून दाखवायची, आणि ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. माझ्या पोटात शब्द म्हणून जे काही आहे, ते तुझ्या त्या अर्ध्या कोळशाचं.

तू जिथं गेलीस तिथला पत्ता नसतो, हे पत्र वहीतच राहील, हे मला कळतं. तरी खरं सांगते, वाट बघते. तुझ्या हातचं एकही अक्षर माझ्याजवळ नाही. काढलेलं सगळं तू रोज पुसून टाकायचीस. लवकर लिही.