हळद लागलेले खेळ

नारायणगुडा, हैदराबाद
४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं पोस्टच बरं. गौरी-गणपती पार पडले. बंगळूरहून रितेश आला होता. आल्या आल्या त्यानं माझं काचेचं कपाट उघडलं आणि हातात घेऊन खेळायच्या त्या जुन्या व्हिडिओ गेमचे एकेक करून फोटो काढले. ठोकळे रचायचे, रंग जुळवायचे, वाट शोधायचे, सगळे. मला वाटलं, माझ्या चिरंजीवांना आईच्या छंदाचं कौतुक वाटलं. कसलं काय! कोणी संग्राहक आहे म्हणे, तो सगळे एकगठ्ठा घेणार. दसऱ्याला त्याला घरीच घेऊन येतोय. फोनवर त्याला सांगत होता की हे माझ्या लहानपणीचे गेम आहेत. मी पुरण वाटत होते, माझा हात थांबला.

वर मला सूचना. खेळायचं नाही, सेल काढून ठेवायचे, कोरे सील पॅक तीन पीस आहेत त्यांना बोटही लावायचं नाही, कारण त्यांचाच भाव जास्त. आणि पाठीमागचे पिवळे डाग स्पिरिटनं पुसायचे, डाग असले की किंमत निम्मी. मला एका शब्दानं विचारलं नाही. हे दुकानातून आले, तर त्यांचंही तेच, मुलाची वस्तू मुलगा विकतो, तू का परेशान होतेस म्हणाले. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
जयवंता

पुणे
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयवंतास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याआधी रितेशचा फोन पोचला होता. बिचारा ओरडून ओरडून बोलत होता, तेवढं ऐकू आलं. आई आजकाल नीट बोलत नाही, मावशी, तूच समजाव, म्हणाला.

जयू, तुझी साठी झाली. या वयात बायका हरिपाठ धरतात, तू बटणं धरून बसतेस. पोरांच्या वस्तूंवर आईनं जीव लावावा, हक्क सांगू नये. आमच्या हर्षदची बॅट मी दहा वर्षं जपली आणि भाचेसुनेच्या पोराला देऊन टाकली, माळा मोकळा झाला. तूही तसंच कर. आणि ते डाग स्पिरिटनं जात नसले तर थोडं रॉकेल लावून बघ. कपाटात काचेचे पेले ठेवलेस तर जास्त शोभेल.

रागावू नकोस. रागावलीस तर चार ओळी जास्त लिही, मला दुपारी वाचायला बऱ्या.
आशीर्वाद आहेतच,
अनुराधाताई

नारायणगुडा
१७ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घे, चार ओळी जास्त.

तूसुद्धा त्यांचीच ना? ऐक तर मग. रितेश दहावीला होता तेव्हा त्याचा ठोकळे रचायचा ब्रिक गेम मी जप्त केला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. एका दुपारी चालतो की बिघडला ते बघायला काढला, आणि गॅसवरची डाळ करपून कोळसा झाली. तेव्हापासून मी खेळते. रितेश हॉस्टेलला गेला, त्या खेळाला विसरला, मी नाही विसरले.

बाकीचे सगळे मी घेतले, माझ्या फॉल-पिकोच्या कमाईतून. इथल्या कोटी बाजारात फूटपाथवर जुने खेळ विकणारा एक म्हातारा बसायचा. मला लांबून बघितलं की अम्मा आए, अच्छावाला डब्बा निकालो, असं पोराला सांगायचा. एखादा खेळ फारच आवडला तर मी दोन घ्यायची, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. सासूबाई डाळ-तांदूळ तसेच भरायच्या. तेच हे सील पॅक, त्यांना आता सोन्याचा भाव. दिवसभर मी दुसऱ्यांच्या साड्यांच्या कडा सरळ करते. दुपारी तासभर माझ्या स्वतःच्या ओळी सरळ लावते. तेवढाच तास कोणी मला हाक मारत नाही.

आणि ते डाग. आमच्या घरची खंडेनवमी तुला ठाऊक आहे. सासूबाईंचा दंडक होता की ज्याचं हत्यार त्यानंच पुजायचं, दुसऱ्याच्या वतीनं कोणी हळदकुंकू लावायचं नाही. हे दुकानाचा काटा पुजतात, रितेश त्याचा लॅपटॉप, मी शिलाई मशीन, कात्री आणि शेजारी माझे खेळ. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लावते आहे. घरातल्यांना वाटलं, पोरगा लांब आहे, आई त्याच्या वतीनं लावते! घरचा नेम पाठ, पण माझ्याकडे बघायचं म्हणून कोणी बघितलं नाही.

मी पुसणार नाही. स्पिरिटनं नाही आणि रॉकेलनंही नाही. येऊ दे त्याला त्याच्या गिऱ्हाईकाला घेऊन.

तुझ्यावर लोभ आहे, पण सध्या थोडा घुश्शात आहे.
जयवंता

बंगळूर
६ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
सा. न.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. मराठी लिहायची सवय गेली, चुकलं तर समजून घे.

आई, त्या माणसाला मी एवढ्या लांबून आणलं. कपाट उघडलं तर सगळ्या पीसवर ताजं हळदकुंकू, आणि या वेळी समोरूनसुद्धा, स्क्रीनच्या वरती. तिन्ही सील फोडलेले, सेल घातलेले, आणि तिन्ही गेम चालू! आधी तो हात लावेना. घाबरला बिचारा. आणि तू त्याला श्रीखंड वाढून, हे माझे खेळ आहेत, विकायचे नाहीत म्हणालीस, वर एक डाव खेळणार का विचारलंस. तो हरला तर हसलीस. बाबापण हसले. माझ्या इज्जतीचा फालूदा झाला.

एकदा सांगायचं होतंस ना, की हे तुझे आहेत. मला वाटायचं, मी घर सोडून गेलो म्हणून तू हे सगळं माझी आठवण म्हणून जमवलंस. मित्रांनापण मी तसंच सांगायचो. सौदा गेल्याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगू, त्यात मी नव्हतोच हे कळल्याचं जास्त वाटलं. त्या कपाटात माझं काहीच नव्हतं का?

काळजी घे. राग गेला की फोन उचल.
रितेश

नारायणगुडा
९ ऑक्टोबर २०२५

चि. रितेशास,
अ. उ. आ.

अक्षर मोठं काढलं आहे, हळूहळू वाच.

सांगायचं होतंस म्हणतोस. तू विचारायचं होतंस. आईनं स्वतःसाठी, स्वतःच्या कमाईतून काही जमवलं असेल हे तुझ्या, तुझ्या बाबांच्या आणि पुण्याच्या मावशीच्याही डोक्यात आलं नाही, याचा मला राग आला. तो अजून आहे आणि मी तो घालवणार नाही. तुझी आठवण ठेवायला मला सेल लागत नाहीत रे. ते खेळ मला आवडतात म्हणून माझे आहेत. सील फोडल्यानं भाव पडला म्हणतात, पडू दे. नव्यातला एक इतका छान चालतो की इतकी वर्षं बंद ठेवला याचीच हळहळ वाटते. बाबा काल शेजारी येऊन बसले, त्यांनाही एक डाव दिला. वाईट खेळतात.

कपाटात तुझं काहीच नव्हतं का विचारतोस. कपाटात नव्हतं. सोबत पार्सल आहे, उघडून बघ. तुझा दहावीचा ब्रिक गेम. निकाल लागला की देईन म्हणाले होते, ते राहूनच गेलं. तो मी ट्रंकेत वेगळा ठेवला होता, तुझ्या त्या माणसाला दिसला नाही. सेल नवे घातले आहेत. उलटून, पालटून, उजेडात धरून नीट बघ. त्याच्यावर हळदीचा ठिपका सापडणार नाही. तो माझा नव्हता, म्हणून एकाही खंडेनवमीला मी त्याला बोट लावलं नाही. लावायची तर आता तू लाव. विकायचा असला तर वीक, मला विचारायची गरज नाही.

दिवाळीला ये. कपाटाला मी कुलूप लावलेलं नाही. पण हात घालण्याआधी मला विचार.

लोभ होता, आहे, आणि रागातही उणा झालेला नाही.
तुझी आई