बॅटरीने बाळसं धरलं

३ मार्च, सोमवार
लेकीचा रोबो तयार झाला. चार महिने खपली बिचारी. रविवारी स्पर्धा. लिथियम पॉलिमरची बॅटरी एकुलती एक, म्हणून चार्जिंग मी स्वतःच्या अंगावर घेतलं. ती नको नको म्हणत होती. म्हटलं, तुझा बाप कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, उगाच नाही.

४ मार्च, मंगळवार, सकाळी
चार्जरबरोबर आगीत न जळणारी पिशवी आली आहे. बॅटरी म्हणे तीत ठेवूनच चार्ज करायची. एवढी चांगली पिशवी बॅटरीला? तीत विम्याची कागदपत्रं ठेवली. दूरदृष्टी लागते. बॅटरी सोफ्यावर.

संध्याकाळी
बॅटरीला वायरी दोन : एक जाड, एक बारीक, पांढऱ्या प्लगची. लेक म्हणते, आत तीन सेल आहेत. बारीक वायर लावली तरच चार्जर तिघांना सारखं भरतो, नाहीतर एकाला जास्त जातं. म्हटलं, घरच्यांना कोणी मोजूनमापून वाढतं का? ज्याला भूक जास्त, तो जास्त खाईल. ती गेल्यावर पांढरा प्लग काढून टाकला.

५ मार्च, बुधवार
चार्जिंग चालू असताना बॅटरी सोडून जाऊ नये, असा नियम आहे. पाळला. तिच्या शेजारीच सोफ्यावर झोपलो. करंटचा आकडा दुप्पट केला. वेळेची बचत.

६ मार्च, गुरुवार
बॅटरी गुटगुटीत दिसू लागली. चार्जिंग अंगी लागतंय. कौतुकाने बायकोला दाखवली. म्हणाली, अहो, फुगलीये ती, लेकीला सांगा. हिला कोणाचं भलं झालेलं बघवत नाही. लेकीला सांगितलं नाही, उगाच टेन्शन नको.
कारखान्यात माझं भाषण झालं : 'धोक्याची पहिली खूण ओळखा'. दोघं जागे होते.

७ मार्च, शुक्रवार
बॅटरी रोबोच्या खाचेत बसेना. खाचच चुकली असणार, पोर अजून लहान आहे. गुपचूप कानशीने घासून मोठी केली. बोट सोललं, पट्टी लावली. बापाचे कष्ट कोणाला दिसतात?

८ मार्च, शनिवार
शेवटचं चार्जिंग. फुस्स आवाज, मग धूर. लेकीने धावत येऊन मेन स्विच बंद केला, दारातल्या कुंड्यांची माती बॅटरीवर ओतली. मी गॅलरीतून सूचना देत होतो. अधिकाऱ्याने सुरक्षित अंतर राखायचं असतं. सोफ्याला परातीएवढं भोक.
विम्याची कागदपत्रं सुखरूप. पिशवी उत्तम.

९ मार्च, रविवार
स्पर्धेत समोरच्याच मुलीने आपली जादा बॅटरी दिली. माणुसकी आहे अजून. पण त्या मोठ्या खाचेत ती खुळखुळत राहिली आणि पहिल्याच वळणावर बाहेर पडली. रोबो जागच्या जागी उभा. चार महिने, आणि एक वळण.
लेकीने विचारलं, बाबा, ही खाच एवढी कशी झाली? म्हटलं, हल्ली बॅटऱ्या फार बारीक करतात. तिने माझ्या बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं. रोबो उचलून चालू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. वाईट वाटलं, अगदी मनापासून.
घरी येऊन मटकन सोफ्यावर बसलो, तो थेट भोकात. दोघी आतच होत्या. हाका मारल्या. कोणी आलं नाही.